पॅरिसची दोन पदकं

18 मे 1924. पॅरिसजवळचं कोलोंबचं मैदान. ऑलिंपिक रग्बीची अंतिम लढत, फ्रान्स विरुद्ध अमेरिका. यजमानांनी सुवर्णपदक खिशात टाकल्यातच जमा धरलेलं. सामन्यात प्रेक्षकांतच मारामाऱ्या जुंपल्या, अमेरिकेचं राष्ट्रगीत हुर्योत बुडून गेलं. निकाल मात्र 17-3, अमेरिकेच्या बाजूने.

ही पोरं आली कुठून? बहुतेक कॅलिफोर्नियातून. स्टॅनफर्ड, बर्कली, सांता क्लारा इथल्या कॉलेजांच्या मैदानांवरून. आणि तिथे रग्बी रुजली ती हौसेपोटी नाही, धास्तीपोटी.

1905 साल. अमेरिकन फुटबॉलमध्ये तेव्हा बॉल पुढे फेकायला बंदी होती. मग उरतं काय? एकमेकांना घट्ट धरायचं आणि समोरच्या भिंतीत घुसायचं. त्या एका मोसमात डझनाहून जास्त तरुण दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढे फुटबॉलचे नियम बदलले. बर्कली आणि स्टॅनफर्डने 1906 मध्ये खेळच बदलला. ‘बिग गेम’ ही त्यांची दरवर्षीची खुन्नस आता रग्बीत उतरली.

रग्बी, आणि म्हणे सुरक्षित! हसू येतं खरं. पण हिशेब साधा होता. रग्बीत ज्याच्या हातात बॉल, त्यालाच पाडायचं. पडला की त्याने बॉल सोडायचा आणि खेळ पुढे चालू. बाकीच्यांच्या अंगावर टोळीने धावून जायची सोय नाही.

आपण या खेळात तयार झालो, असं वाटत असतानाच नोव्हेंबर 1913 मध्ये न्यूझीलंडचे ऑल ब्लॅक्स बर्कलीत उतरले. अमेरिकेच्या संघाला त्यांनी 51-3 असं धुतलं. 1915 मध्ये बर्कली फुटबॉलकडे परतलं, काही वर्षांनी स्टॅनफर्डही. जाता जाता याच मुशीतल्या खेळाडूंनी 1920 मध्ये अँटवर्पला आणि 1924 मध्ये पॅरिसला सुवर्ण जिंकलं. त्यानंतर ऑलिंपिकमधून रग्बीच गेली, ती थेट 2016 मध्ये सात जणांच्या रूपात परतली.

कॉलेजांत ती तगून राहिली, पण पोरकी. अमेरिकेतल्या कॉलेजांचे खेळ चालवणारी मुख्य संस्था म्हणजे एनसीएए. पुरुषांच्या रग्बीची स्पर्धा ती आजही भरवत नाही. बहुतेक संघ म्हणजे विद्यार्थ्यांचे क्लब: वर्गणी काढा, गाडी ठरवा, सामन्याला निघा. 1980 मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद सुरू झालं आणि पहिलं बर्कलीनेच नेलं. प्रशिक्षक जॅक क्लार्क यांच्या हाताखाली 1991 ते 2002 अशी सलग 12. एवढं करूनही 2010 मध्ये विद्यापीठाने काटकसरीच्या नावाखाली या संघाचा दर्जा उतरवायचं ठरवलं. देणगीदार धावले म्हणून तो वाचला. युटामधल्या ब्रिगम यंग विद्यापीठाची अडचण वेगळीच. मॉर्मन पंथाची ही मुलं रविवारी खेळत नाहीत आणि बाद फेरीचे सामने नेमके रविवारी! हा तिढा सुटल्यावर 2009 मध्ये त्यांनी बर्कलीलाच हरवून अजिंक्यपद घेतलं.

मुलींना मात्र एनसीएएने 2002 पासून दार किलकिलं करून दिलंय: ‘उदयोन्मुख खेळ’ म्हणून. कनेटिकटच्या क्विनिपिअ‍ॅक विद्यापीठाने 2015 पासून सलग 3 अजिंक्यपदं जिंकली. त्या संघातली इलोना मार आज रग्बीचा जगभर ओळखला जाणारा चेहरा आहे.

30 जुलै 2024. पुन्हा पॅरिस, या वेळी स्टाद द फ्रान्स. कांस्यपदकाच्या सामन्यात ऑस्ट्रेलिया 12-7 ने पुढे. घड्याळ संपलेलं, बॉल अमेरिकेच्याच गोलरेषेजवळ. लाइफ विद्यापीठात खेळलेल्या अ‍ॅलेक्स सेड्रिकने तो घेतला, अंगावर आलेल्या दोघींना झटकलं आणि अख्खं मैदान पळत पार केलं. ट्राय, म्हणजे गोलरेषेपलीकडे बॉल टेकवून 5 गुण. 12-12.

ट्रायनंतर मिळणारी 2 गुणांची किक मारायलाही तीच उभी राहिली. बॉल दोन खांबांच्या मधून गेला.