सेव्ह झालं नाही, पुन्हा प्रयत्न करा

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात आलात, बरं वाटलं. जांबोटीकडनं दोघं जण गाडीवरनं भिजत आलेत, त्यांना आधी पंख्याखाली जागा द्या की. फळ्यावर विषय लिहिलाय तो 'डेटाबेस सर्व्हरमधलं एरर रिपोर्टिंग आणि लॉगिंग', म्हणजे चूक झाली की सर्व्हर ती कशी सांगतो आणि कुठल्या फाइलमध्ये नोंदवून ठेवतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर तुमच्यापैकी बहुतेकांनी हाताळलाय, त्यामुळं डेटाबेस म्हणजे काय ते सोडतो आणि थेट त्या पतसंस्थेचं सांगतो, कारण हा विषय माझ्या डोक्यात बसला तो तिथनंच.

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली लहान संस्था, नाव नको. सॉफ्टवेअर नवीन घेतलेलं, खाली पोस्टग्रेस. जुनं सभासद रजिस्टर एक्सेलमधनं आत ओतलेलं, सहाशेच्या वर नावं. मला फोन आला की नवीन सभासद चढत नाही. गेलो तर काउंटरवरच्या अक्का म्हणाल्या, "सर, एकदा दाबून घेत नाही ओ ते. दाबत ऱ्हायलं की मधेच कधीतरी घेतंय." आणि त्यांनी दाखवलं. फॉर्म भरला, सेव्ह दाबलं, लाल पट्टी आली, 'सेव्ह झालं नाही, पुन्हा प्रयत्न करा'. परत दाबलं, परत तीच पट्टी. असं त्या तीन आठवडे करत होत्या, समोर माणूस पावतीसाठी उभा आणि ह्यांचं बोट एंटरवर. सकाळी मशीन थंड असतंय म्हणून लवकर घेत नाही, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही आणि तुम्हालाही वाटू नये, कारण पडद्यावर दुसरी काही माहितीच नसेल तर माणूस अंदाजच बांधणार.

मी डेटा फोल्डरमधला लॉगचा फोल्डर उघडला, त्या दिवसाची फाइल काढली. काय दिसलं बघा. एरर, 'डुप्लिकेट की व्हॅल्यू', म्हणजे एकच असायला हवा तो क्रमांक दुसऱ्यांदा आला. त्याच्याखाली डिटेलची ओळ, आयडी ३१ आधीच अस्तित्वात आहे. तीन सेकंदांनी परत एरर, आयडी ३२. मग ३३. मग ३४. मग एकदम ३६. ज्यांना कळलं त्यांनी शेजाऱ्याला सांगू नका, मी सांगतो.

एक्सेलमधनं डेटा ओतताना सभासद क्रमांक हातानं घातलेले, पण पुढचा नंबर देणारा जो सीक्वेन्स असतो त्याला कुणी सांगितलंच नाही की बाबा सहाशेच्या पुढनं सुरू कर. तो बिचारा एकपासनं निघाला. १ दिला, १ आधीच आहे, एरर. आणि सीक्वेन्सनं एकदा दिलेला नंबर ट्रान्झॅक्शन, म्हणजे झालं तर पूर्ण नाहीतर पूर्ण रद्द असं काम, फसलं तरी परत घेतला जात नाही, म्हणून पुढच्या वेळी २, मग ३. अक्का प्रत्येक वेळी बटण दाबून त्याला एकेक पायरी वर ढकलत होत्या. आणि ३५ ची एरर का नव्हती? कारण ३५ नंबरचा सभासद वारून कितीतरी वर्षं झालेली, त्याचं नाव रजिस्टरमधनं निघालेलं, तिथं भोक होतं. भोकात नवीन माणूस जाऊन बसला! मेलेल्या माणसाचा क्रमांक, ज्याचं जुनं पासबुक अजून त्याच्या घरात असेल, तो एका तरण्या पोराच्या नावावर चढला. असे अकरा निघाले. सीक्वेन्स नीट करायला सेटव्हॅलची एक ओळ लागली, ते अकरा नंबर आणि त्यांच्या पावत्या निस्तरायला चार दिवस.

माझी तक्रार सर्व्हरवर नाही. सर्व्हरनं पहिल्या दिवसापासनं, प्रत्येक दाबण्याला, कारण सांगितलं, कुठल्या टेबलात, कुठला नंबर, कुठली क्वेरी, सगळं. मधल्या प्रोग्रॅमनं ते पकडलं, गिळलं आणि लाल पट्टी पुढं केली. ट्रायमध्ये काम लिहायचं, चूक झाली तर ती पकडायला कॅच लिहायचं आणि कॅचमध्ये 'काहीतरी चुकलं' एवढंच. इथं बसलेल्या पोरापोरींनो, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही हेच करताय, मी बघितलंय.

चिठ्ठी आली, वीस मिनिटं राहिलीत म्हणून. मग भराभर घेतो.

पोस्टग्रेसच्या सोर्समध्ये चूक सांगायची मुख्य वाट म्हणजे ई-रिपोर्ट. २००३ च्या ७.४ आवृत्तीत ती आली, त्याआधी चूक म्हणजे नुसतं वाक्य असायचं. आता त्याचे तुकडे वेगळे: मुख्य मेसेज, डिटेल, हिंट आणि पाच अक्षरी कोड. डिटेलमध्ये घडलेली वस्तुस्थिती, हिंटमध्ये काय करून बघावं याचा सल्ला, तो लागू पडेलच असं नाही. हा फरक त्यांच्या लिहिण्याच्या नियमांतच आहे आणि मला तो फार आवडतो. आपल्याकडं डॉक्टरसुद्धा दोन्ही एकत्र सांगतात.

आता कोड. आमच्या त्या डुप्लिकेट नंबरचा २३५०५, त्यातले पहिले दोन, २३, म्हणजे नियमभंगाचा वर्ग. ५३१०० म्हणजे डिस्क भरली. मेसेज भाषांतरित होऊ शकतो, त्याला एलसी मेसेजेस नावाचं सेटिंग आहे, पण कोड बदलत नाही. आपल्या भागात हिशेब मराठीत, सरकारी कागद कन्नडमध्ये, बटणं इंग्रजीत. गोकाकचा माणूस आणि निपाणीचा माणूस फोनवर २३५०५ म्हणाले की दोघांना एकच गोष्ट कळते. म्हणून प्रोग्रॅममध्ये तपासायचा तो कोड, मेसेजमधले शब्द नाही.

चूक किती गंभीर, त्याच्या पातळ्या. एरर आली की चालू ट्रान्झॅक्शन रद्द, फेटलला ते कनेक्शन जातं, पॅनिकला सगळ्यांची कनेक्शनं. आणि मेमरी संपली ही बातमी सांगायलाही मेमरी लागते, म्हणून सर्व्हर आठ केबी आधीच बाजूला काढून ठेवतो. आजी डाळीच्या डब्याखाली नोट ठेवायची तसंच की ओ.

सेटिंगं तेवढी लिहून घ्या. लॉगच्या ओळी गोळा करून फाइलमध्ये टाकणारा लॉगिंग कलेक्टर मुळात बंद असतो, तपासा. लॉग लाइन प्रीफिक्समध्ये, म्हणजे लॉगच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, वेळ आणि प्रोसेस नंबर असतोच, युजर आणि डेटाबेसचं नाव तुम्ही घाला. लॉग लॉक वेट्स चालू करा, कोण कुणासाठी अडकलंय ते कळतं. आणि डिटेल काउंटरवर सगळ्यांना दाखवू नका, त्यात दुसऱ्या सभासदाची माहिती असू शकते. पडद्यावर कोड आणि वेळ दाखवा, बाकीचं लॉगमध्ये राहू दे, म्हणजे अक्का फोनवर "सर, २३५०५, अकरा वाजून चार मिनिटं" एवढं सांगतील आणि तुम्ही नेमकी ती ओळ काढाल.

त्या संस्थेत आता तसंच केलंय. लॉगच्या त्या फाइलची कॉपी मी आणलीय, नावं काढून टाकलेली आहेत, ज्यांना बघायचंय त्यांनी लॅपटॉपपाशी या.