पावसाळी ढग आणि स्थितांबराचा उंबरठा

आपण सगळ्यांनीच ओल्या छत्र्या दाराशी ठेवल्या आहेत, म्हणून आधीच सांगून टाकतो की जमिनीजवळची हवा आणि बाष्प स्थितांबराकडे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थराकडे, नेणाऱ्या ज्या ढगांविषयी मी आज बोलणार आहे, ते हे नव्हेत. जुलैत पुण्यात जी भुरभुर चालते ती बुटक्या ढगांतून पडते. ताम्हिणीत दिवसभर कोसळणारा पाऊससुद्धा बराचसा फार उंच न गेलेल्या ढगांचाच असतो. पुणेकराच्या ओळखीचा खरा उंच ढग म्हणजे मे महिन्यातल्या वळवाचा. दुपार कलली की क्षितिजावर काळाकभिन्न डोंगर उभा राहतो, त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरतो, आणि मग धूळ, वारा, गारा.

तो माथा सपाट का होतो, इथे आजच्या विषयाची किल्ली आहे. बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, तिच्यामुळे ढगातली हवा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि वर चढत जाते. बहुतेक गर्जन्मेघांचे हे भांडवल 12-13 किलोमीटरवरच सरते. जे त्याहून वर जातात त्यांना उष्ण कटिबंधात 16-17 किलोमीटरवर तपस्तब्धी, म्हणजे वातावरणाच्या खालच्या थराचे छत, अडवते. तिच्यावर स्थितांबर, तिथे ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषतो, त्यामुळे उंचीबरोबर हवा गार होण्याऐवजी उबदार होत जाते, आणि खालून आलेली थंड हवा तिच्यात जड ठरून परत खाली बसते.

वादळ हे छत भाल्यासारखे फोडते आणि खालची हवा वर ओतते, असे चित्र अनेकांच्या मनात असते. ते खोटे नाही, पण क्वचितचे आहे. माझ्या मते ढगाची भूमिका मुख्यतः हमालाची आहे: ओझे तो जिन्याच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत आणतो आणि तिथेच ठेवून जातो. पुढचे काम फार संथ आहे.

हे ओझे पुण्यावरून जाते, पण इथे उचलले जात नाही. अरबी समुद्रावरची दमट हवा घाट ओलांडते, वाटेत आपल्याला थोडे भिजवते, आणि पुढे बंगालचा उपसागर, गंगेचे खोरे, हिमालयाचा पायथा इथल्या प्रचंड मेघसमूहांत ओढली जाते. त्या ढगांनी सोडलेली उष्णता आणि तापलेले तिबेटचे पठार यांमुळे वरच्या थरांत एक विस्तीर्ण प्रत्यावर्त, म्हणजे जास्त दाबाभोवती फिरणारा वाऱ्यांचा भोवरा, तयार होतो, जो पश्चिम आशियापासून पूर्व चीनपर्यंत पसरतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत राहतो. त्याच्या दक्षिण कडेने, म्हणजे जवळपास आपल्या डोक्यावरूनच, पूर्वेकडून येणारा वेगवान झोत वाहतो. 1958 मध्ये भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी त्याचे वर्णन केले. ढगांनी वर टाकलेली हवा या भोवऱ्यात आठवडेच्या आठवडे अडकून राहते. सुमारे 15 किलोमीटरच्या वर तिला किरणांद्वारे मिळणारी उष्णता ती गमावत असलेल्या उष्णतेपेक्षा किंचित जास्त असते, म्हणून ती दिवसाकाठी जेमतेम पन्नास-शंभर मीटर वर सरकते. ज्या ढगाने तासाभरात दहा-बारा किलोमीटर चढवले, त्याच्यापुढे ही गोगलगायच.

पाण्याचे मात्र वेगळे. पावसाळ्यातल्या पुण्याच्या हवेत दर दहा लाख रेणूंमागे पाण्याचे 30 हजारांच्या आसपास असतात. तपस्तब्धीजवळ तापमान उणे 80 अंश सेल्सिअसच्या घरात असते, आणि तिथल्या दाबाला इतकी थंड हवा दहा लाखांत पाचच्या आसपासच बाष्प धरू शकते. उरलेले बर्फ होऊन गळते. इंग्लंडवरचे स्थितांबर इतके कोरडे कसे, या प्रश्नाला हवामानशास्त्रज्ञ ॲलन ब्रूअर यांनी 1949 मध्ये हेच उत्तर दिले होते: ती हवा उष्ण कटिबंधाच्या थंडगार दारातून आत शिरली असली पाहिजे. म्हणून एक उफराटी गोष्ट घडते. प्रत्यावर्तावरचा थर उन्हाळ्यात आसपासच्या हवेपेक्षा दमट असतो खरा, पण मेघ जोरात असले की दार अधिक थंड होते आणि वर जाणारी हवा उलट कोरडी निघते.

आता तो क्वचितचा भाला. सेकंदाला 30 मीटर वेगाने चढणारा झोत छतावर आदळला की किलोमीटर-दीड किलोमीटर वर घुसतो. उपग्रहचित्रात ऐरणीवर फुगवटा दिसतो. झोत लगेच खाली येतो, पण मागे राहिलेले बर्फाचे कण त्या अतिकोरड्या हवेत वितळल्यावाचूनच बाष्प होतात. म्हणजे हे पाणी थंडीच्या दाराला चुकवून आत येते. एकूण जमाखर्चात त्याचा वाटा किती धरावा, यावर अजून वाद आहे.

हे मोजायचे कसे? नेहमीच्या फुग्यांबरोबरचे आर्द्रतामापक इतक्या थंडीत भरवशाचे राहत नाहीत. त्याऐवजी नखाएवढा आरसा वर पाठवतात. तो गार करत नेऊन त्यावर हिमाचा पातळ थर टिकवून धरायचा. प्रकाशकिरण त्या थरावर पहारा ठेवतो, आणि आरशाच्या तापमानावरून बाष्प कळते. 2016 च्या पावसाळ्यात नैनितालहून आणि 2017 मध्ये नेपाळमधून असे फुगे सोडले गेले. 2017 मध्येच काठमांडूहून 20 किलोमीटरपर्यंत जाणारे विमानही उडाले. त्या उड्डाणांत अमोनियम नायट्रेटचे कण सापडले. त्यांचा अमोनिया जमिनीवरचा, शेतांतला आणि गोठ्यांतला. ढगांनी तोही वर नेला होता.

ऑक्टोबरात पाऊस पुण्यातून माघारी फिरतो तेव्हा हा प्रत्यावर्तही विरलेला असतो. त्यात कोंडलेली हवा मोकळी होऊन उत्तरेकडे पसरते, आणि युरोपवरच्या स्थितांबराच्या सगळ्यात खालच्या थरात शरद ऋतूत जी जास्तीची ओल सापडते, तिच्यातली काही आपल्या मोसमी पावसाच्या प्रदेशातून गेलेली असते.