पुण्यात राहतो, पुण्यात काम करतो

(दृश्य: टेबलावर गणिताची चौकटीची वही. पेन्सिल एका चौकटीत एक अक्षर गिरवते.)

घरी जपानी शिकायला सामान थोडंच लागतं. चौकटीची वही, पेन्सिल आणि फोनमधला रेकॉर्डर. हिरागाना या जपानीच्या पहिल्या लिपीची अक्षरं 46. रोज पाच घेतली तर दहा दिवसांत होतात. क्रम मात्र ओळखीचा निघतो: आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून, संस्कृत लिहिण्याच्या सिद्धम् लिपीच्या वाटेने ही मांडणी जपानात गेली. आपल्या वर्णमालेची चुलत बहीणच म्हणा.

अक्षरांवर देवनागरीत उच्चार लिहून ठेवायचा मोह होतो. दहाव्या दिवसानंतर तो सोडा, नाहीतर डोळा फक्त देवनागरीच वाचत राहतो.

(दृश्य: फर्ग्युसन रस्ता, रानडे इन्स्टिट्यूटचं फाटक.)

पुण्यात जपानीचे वर्ग पुष्कळ. तरी ज्याला नोकरी सांभाळून घरीच शिकायचंय, त्याने निदान आठवड्यातून एक तास सेन्सेईंसमोर, म्हणजे शिक्षकांसमोर, बसावं आणि बाकी सहा दिवस रोज अर्धा-पाऊण तास स्वतः करावं. त्या तासाला नवा धडा घ्यायचा नाही. आठवडाभर केलेलं काम दाखवायचं.

उच्चारांचं काम असं. ‘त्सु’ जमत नाही, ही तक्रार बहुधा इंग्रजीतून शिकल्याने येते. ‘चूल’ म्हणा; तो च जवळपास तिथलाच. ‘चि’ मात्र चिमणीतला. चिंच या एका शब्दात दोन्ही च सापडतात. अनुस्वारही आपल्यासारखाच पुढचं अक्षर बघून बदलतो: ‘सांपो’ म्हणजे फेरफटका, त्यात म्, ‘सांगाइ’ म्हणजे तिसरा मजला, त्यात पंख्यातला ङ्.

आपण अडखळतो ते लांबीवर. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घाकडे आपण फारसं बघत नाही. तिथे ‘ओबासान’ काकू किंवा मावशी, ‘ओबाआसान’ आजी. ‘बिरु’ इमारत, ‘बीरु’ बिअर. अशा दहा जोड्यांतला एकेक शब्द मनाशी ठरवून रेकॉर्ड करा. सेन्सेईंना यादी देऊ नका. त्यांना काय ऐकू आलं ते त्यांनी लिहायचं, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे.

(दृश्य: पडद्यावर मराठी वाक्य, त्याखाली तोच क्रम धरून जपानी शब्द.)

वाक्यरचनेत मराठी खूप वाट सोपी करते. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामामागे. ‘मला आंबा आवडतो’ यात आंबा कर्ता. जपानीतही आंब्याला कर्त्याचा ‘गा’ लागतो. इंग्रजीतून विचार करणारा तिथे हमखास कर्माचा ‘ओ’ लावतो.

पण मराठीचा ‘त’ फसवतो. ‘पुण्यात राहतो’ याला ‘पुने नि’, ‘पुण्यात काम करतो’ याला ‘पुने दे’. असणं, वसणं असेल तर ‘नि’. काही करणं असेल तर ‘दे’. इतकं कळलं असं वाटेपर्यंत ‘पुण्यात परीक्षा आहे’ समोर येतं. क्रियापद ‘आहे’चंच, तरी ‘पुने दे’, कारण परीक्षा ही वस्तू नाही, ती तिथे घडते.

(दृश्य: सिंहगड रस्ता, पु. ल. देशपांडे उद्यान.)

ही बाग ओकायामाच्या कोराकुएन उद्यानावरून बेतलेली. इथे एक चक्कर मारून ‘आहे’ची दहा वाक्यं बनवायची. पूल आहे, ‘आरिमास्’. मासे आहेत, ‘इमास्’. माणूस, माळी, कुत्रा, सगळे ‘इमास्’. झाडाशी बहुतेक जण चुकतात: झाड जिवंत म्हणून ‘इमास्’ लावतात. जपानी भाषा इथे जीव बघत नाही, आपल्या मनाने हलतं की नाही ते बघते. झाड ‘आरिमास्’. आणि लिहिण्यातला शेवटचा ‘सु’ पुरता उच्चारू नका, तो जवळजवळ गिळायचा.

पुढची कामं छोटी. स्वतःची ओळख एका मिनिटात. त्यात आपल्याच नावाला ‘सान’ लावायचं नाही, जसं कुणी ‘मी जोशीसाहेब’ म्हणत नाही. मग फोनवर रोमन कळफलकाने ‘कोन्निचिवा’ (नमस्कार) टाइप करणं: एन तीनदा, आणि शेवटी ‘वा’ऐवजी ‘हा’. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं, रोज दोन-तीन, सुट्या नाही, शब्दांसकट.

(दृश्य: परीक्षेचा वर्ग, भिंतीवर घड्याळ.)

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं पुण्यात केंद्र आहे. सर्वांत खालची पातळी एन-5: 180 पैकी 80 गुणांना उत्तीर्ण. तरी ऐकण्याच्या 60 पैकी 19 हवेतच. ते नसतील तर एकूण शंभर मिळूनही नापास. बोलण्याची चाचणी नसते, त्यामुळे रेकॉर्डरचं काम परीक्षेसाठी वायफळ वाटून लोक आधी तेच सोडतात आणि मग ऐकण्यातच अडकतात. ध्वनिमुद्रण एकदाच वाजतं. शेवटचे दोन आठवडे इअरफोन काढून ठेवा. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा आणि पंखा चालू ठेवूनच ऐकायचं.