मुद्दल गोठलं, व्याज वाहिलं

पडद्यावर दिसतेय ती लंडनची बँक ऑफ इंग्लंड. हिच्या तळघरात व्हेनेझुएलाचं सुमारे ३१ टन सोनं ठेवलेलं. २०२० साली ते मिळवण्यासाठी तिथल्या कोर्टात दावा लागला. सोनं व्हेनेझुएलाचंच, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. वाद वेगळाच निघाला: व्हेनेझुएलाचा राष्ट्राध्यक्ष कोण, सत्तेवर असलेले मादुरो की विरोधी नेते ग्वायदो? डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मान्यता कुणाला द्यायची ते सरकार ठरवतं आणि कोर्ट तेच मानतं. ब्रिटिश सरकारची मान्यता ग्वायदोंना होती. राजधानी कराकसमध्ये राज्य मादुरोंचं, पण लंडनच्या कोर्टाच्या लेखी ते राष्ट्राध्यक्षच नव्हते!

ब्रसेल्समध्ये तर सोन्याच्या विटाही नाहीत, नुसत्या नोंदी. युरोक्लिअर ही रोख्यांचा हिशेब ठेवणारी डिपॉझिटरी. युक्रेनवरच्या हल्ल्याला चार दिवस होतात न होतात तोच, २८ फेब्रुवारी २०२२ ला युरोपियन युनियननं रशियाच्या मध्यवर्ती बँकेशी व्यवहार बंद केले. इतर देशांतले मिळून रशियाचे सुमारे ३०० अब्ज डॉलर अडकले. त्यातले निम्म्याहून जास्त युरोक्लिअरकडे.

अडकले म्हणजे जप्त झाले का? नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. परक्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या मालमत्तेवर टाच आणायची नाही, हा जुना संकेत. संयुक्त राष्ट्रांच्या २००४ च्या करारात तो लिहिलेलाही आहे. पण पुरेशा देशांची मंजुरी नसल्यानं तो करार अजून लागूच झालेला नाही. म्हणून शब्द जपून वापरला गेला: गोठवणं.

मग एक गंमत झाली. रोख्यांची मुदत संपत गेली, पैसे रोख जमा होत गेले. रशियाला पाठवायची सोय नाही, म्हणून युरोक्लिअरनं ते गुंतवले. त्यावर व्याज सुटलं, अब्जावधी युरो. ते कुणाचं? युरोपचं म्हणणं असं की अशा शिलकीवर खातेदाराला व्याज देणं युरोक्लिअरवर बंधनकारक नाही, त्यामुळे ही कमाई रशियाची नव्हेच. मे २०२४ मध्ये हा नफा युक्रेनकडे वळवायचं ठरलं. जुलैत दीड अब्ज युरोंचा पहिला हप्ता गेलाही. मुद्दलाला हात न लावता व्याज खर्चायचं. याला पळवाट म्हणा नाहीतर कारागिरी; मला दोन्ही वाटतं.

परक्या देशात ठेवलेले पैसे असे अडकू शकतात, हे इतर देशांनी ओळखलं. २०२२ पासून सलग तीन वर्षं मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं.

तसं गोठवणं नवं नाही. १९७९ मध्ये तेहरानमधल्या दूतावासात अमेरिकी कर्मचारी ओलीस धरले गेले, तेव्हा अमेरिकेनं इराणचे पैसे असेच रोखले होते. १९८१ च्या अल्जीअर्स करारानं तो तिढा सुटला म्हणतात. त्यासाठी हेगमध्ये एक लवाद बसवला. चाळीस वर्षं उलटून गेली, त्याच्यासमोरचे दावे अजून संपलेले नाहीत.