दगडाखालचे अडीच फूट

(लघु माहितीपट : निवेदन)

[दृश्य : मे महिना. तडकलेली काळी जमीन. भेगेत सोडलेली काठी.]

नागपूरची काळी माती उन्हाळ्यात अशी उलते. भेगेत काठी घाला, वीतभर सहज आत जाते. मृगाचा पाऊस पडला की हीच माती पाणी पिऊन फुगते, भेगा बुजतात आणि वर जे ठेवलं असेल ते थोडं उचललं जातं. दिवाळी सरली की पुन्हा आकसायला लागते. दरवर्षी हेच. या मातीनं विदर्भाला कापूस दिला, पण तिच्यावर काही उभं करायचं म्हटलं की मिस्त्री आधी डोकं खाजवतो.

[दृश्य : दफनभूमी. कललेल्या दगडांची रांग, कॅमेरा हळूहळू पुढे.]

कबरीवरचा हा दगड डावीकडे झुकलाय. तो मागे रेललाय. हा पुढे आलाय, आणि सगळ्यांत धोक्याचा हाच. दगडात खोट नाही. ग्रॅनाइट आहे, पॉलिश अजून चकाकतंय, अक्षरं स्वच्छ वाचता येतात. खचलाय तो पाया. घरच्यांनी दगडावर मनापासून खर्च केला आणि खाली मात्र चार विटा आणि घमेलंभर मसाला पडला. असा दगड अंगावर आला तर मोठ्या माणसाचं हाड मोडतं, लहान मूल जिवानिशी जातं.

[दृश्य : जुनापाणी. माळरान, धोंड्यांची वर्तुळं. वरून घेतलेलं दृश्य.]

नागपूरजवळच काटोल रोडवर जुनापाणी आहे. या माळावर सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी ती रचली. धोंडे इथल्याच काळ्या दगडाचे, म्हणजे बेसाल्टचे. काहींवर वाटीसारखे खळगे कोरलेले दिसतात. या भागातल्या वर्तुळांबद्दल रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८७९ साली लिहून ठेवलं. त्यांच्याही आधी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांना या दगडांची ओढ होती. सिव्हिल लाइन्समधलं कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे, तेच हे हिस्लॉप. नागपूरच्या खडकांचा अभ्यास त्यांनी केला, आणि टाकळघाटची अशीच वर्तुळं पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते नदीच्या पाण्यात बुडून गेले.

धोंडे जवळून बघा. बुटके आहेत, बुडाशी रुंद आहेत, आपल्याच वजनानं बसलेले आहेत. जे उंचच नाही ते पडणार कुठून? आजही दफनभूमीत जागा अडचणीची असेल, मुलांची ये-जा असेल, तर कबरीवर सपाट शिळा किंवा उशीसारखा उतरता बुटका दगड हीच आमची पहिली शिफारस. उभाच दगड हवा असेल, तर पुढचं सगळं नीट बघा.

[दृश्य : समितीचं कार्यालय. नोंदवही, तिच्यावर फिरणारं बोट.]

आधी नोंदवही. कबरीचा क्रमांक, पावती कोणाच्या नावावर आहे, दगडाची उंची-रुंदी किती चालते, हे दफनभूमीच्या समितीकडून लेखी घ्या. दगड कापून झाल्यावर नियम कळला तर तो दगड घरी ठेवावा लागतो.

मग थांबायचं. उकरलेली माती लगेच घट्ट होत नाही. एक पावसाळा तिच्यावरून जाऊ द्या. तोवर नावाचा लाकडी क्रॉस किंवा पाटी पुरते. पुष्कळ घरांना २ नोव्हेंबरच्या, ऑल सोल्स डेच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या मृतस्मरणाच्या दिवसाच्या आत दगड उभा हवा असतो. भावना आम्हाला समजते. पण त्या वेळी माती पावसानं फुगलेली असते. फुगलेल्या मातीवर बसवलेला दगड उन्हाळ्यात ती आकसली की कलतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस या कामाला सगळ्यांत चांगले.

[दृश्य : दगडाचं दुकान. ओल्या फडक्यानं पुसलेल्या लाद्या.]

दगड कोणता घ्यावा? ग्रॅनाइट. पाणी जवळजवळ पीत नाही, ऊन सोसतं. संगमरवर दिसतो देखणा, पण आम्लानं झिजतो आणि मेणाचे, तेलाचे डाग पोटात घेतो. कडप्पा स्वस्त, पण उन्हात राखाडी पडतो आणि थरांनी सुटू शकतो. कामठी-सिलेवाड्याकडचा वालुकाश्म कोरायला सोपा. मात्र पाणी पितो आणि मग त्याचे पापुद्रे निघतात.

जाडीकडे लक्ष द्या. दुकानात समोर दिसतात त्या १८-२० मिलिमीटरच्या फरशा. त्या जमिनीसाठी आहेत. उभा दगड तीन इंचांपेक्षा कमी जाडीचा नको. दोन फूट रुंद, अडीच फूट उंच, तीन इंच जाड ग्रॅनाइटचं वजन नव्वद किलोच्या आसपास भरतं. विटांच्या बांधकामावर पातळ फरशा चिकटवलेली कबर नवी असताना छान दिसते, पण जमीन हलली की आधी फरशा पोकळ वाजू लागतात, मग सुटतात.

[दृश्य : अक्षरं कोरणारा कारागीर. अगदी जवळून.]

दगडावर रबरी स्टिकर चिकटवलाय. अक्षरांपुरता भाग कापून काढलाय. आता वाळूचा फवारा बसेल आणि उघडा भाग खोल जाईल. खोली अडीच-तीन मिलिमीटर हवी. देवनागरी अक्षर इंचापेक्षा लहान घेतलं तर क्ष, ज्ञ, द्ध यांची पोटं भरून जातात आणि दोन हातांवरून नाव वाचता येत नाही. काळ्या पॉलिशवर फवारलेलं अक्षर आपोआप पांढुरकं दिसतं, त्यात रंग भरायची गरज नाही. सोनेरी रंग उन्हानं उडतो. पितळी अक्षरं चोरीला जातात.

कोरण्याआधी मजकूर खऱ्या मापात कागदावर काढून घ्या आणि घरातल्या दोघांनी तो मोठ्यानं वाचा. वेलांटी, आडनाव, तारखा. मृत्यूच्या दाखल्यासमोर धरूनच वाचा. ग्रॅनाइटवरची चूक खोडता येत नाही.

[दृश्य : कबरीचं डोकं. सूत, खुंट्या, फावडं. इथून प्रत्येक पायरी सलग.]

आता पाया. मिस्त्री काकांनी सूत कबरीच्या डोक्यापलीकडे लावलंय, कारण तिथली माती कधी उकरलेली नाही. पाया कबरीच्या मऊ मातीवर घेतला तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

खड्डा चार फूट लांब, दीड फूट रुंद, अडीच फूट खोल.

"काका, एवढं खोल कशाला?"

"ताई, काळ्यात दगड नाही बसवायचा. काळं काढायचं, मुरूम भरायचा, मग बसवायचा."

काकांनी एका वाक्यात सांगितलं. फुगणारी माती काढून तिथे न फुगणारी भरायची. काळ्या मातीची हालचाल अडीच फुटांच्याही खाली जाते, म्हणून ती पूर्ण थांबत नाही. पण कमी होते आणि सारखी होते. दगड एका अंगाला कलत नाही, ते या सारखेपणामुळे.

मुरूम चौदा-पंधरा घनफूट लागतो. सहा-सहा इंचांचे थर. प्रत्येक थरावर पाणी, मग धुमस. आवाज ऐका. आधी भद्द, भद्द. थर बसत आला की टणक वाजतो. तो आवाज आल्याशिवाय काका पुढचा थर टाकत नाहीत. कुटून पावणेदोन फूट मुरूम झाला की वर चार इंच साधं काँक्रीट, एकास तीन-सहा, म्हणजे एक भाग सिमेंट, तीन रेती, सहा खडी. त्यावर सहा इंचांची सळईची पट्टी, एकास दीड-तीन. रेती कन्हान नदीची, धुतलेली. दोन्हींना मिळून सिमेंटचं एक पोतं बेताचं पुरतं.

सळया दहा मिलिमीटरच्या, तीन खाली, तीन वर. वरच्या तीन वाचवायचा मोह सगळ्यांना होतो. माती मधे फुगली की पट्टी वरून फाटू बघते, मधे बसली की खालून. म्हणून दोन्हीकडे लोखंड हवं, आणि ते सगळ्या बाजूंनी दीड इंच काँक्रीटमध्ये बुडालेलं हवं. पट्टीचा माथा जमिनीच्या इंचभर वर ठेवा, पाणी साचणार नाही.

[दृश्य : ओलं गोणपाट, त्यावर पाणी. दिवस पालटतात.]

ओलं गोणपाट टाकून निदान दहा दिवस पाणी. दगड दोन आठवड्यांनंतरच.

[दृश्य : बैठकीचा दगड. ड्रिल. पांढरी पूड उडते.]

उभ्या दगडाखाली सहा इंच जाडीची दगडी बैठक, तिच्यात दोन भोकं, चार-चार इंच खोल. तेवढीच भोकं उभ्या दगडाच्या बुडाला. त्यांत बारा मिलिमीटरच्या स्टेनलेस स्टीलच्या पिना, आठ-आठ इंचांच्या. साधी सळई घालू नका. ती गंजते, गंज फुगतो आणि दगड बुडाशी चिरतो. बैठकही खालच्या पट्टीत अशाच पिनांनी धरलेली हवी.

आता बारीक नळी भोकात घालून काका फुंकर मारतायत. पूड कशी बाहेर येते बघा. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा काही येत नाही. पूड आत राहिली तर पीन धरून ठेवणारं एपॉक्सी, म्हणजे चिकटवायचं केमिकल, पुडीला चिकटतं, दगडाला नाही, आणि पीन हातानं उपसून निघते. "केमिकलनं चिकटवलाय, पिनेची गरज नाही" असं कोणी म्हणालं तर ते काम घेऊ नका.

[दृश्य : तिपाई, चेन पुली, नायलॉनचा पट्टा. दगड हवेत.]

नव्वद किलो दोन माणसांनी हातानं उचलायचे नाहीत. तिपाई, चेन पुली, रुंद पट्टा. दगडाखाली कोणाचाही हात नको. दगड टेकला की तो सरळ उभा आहे का हे ओळंब्यानं दोन बाजूंनी बघा: समोरून आणि कडेनं.

[दृश्य : २ नोव्हेंबरची संध्याकाळ. मेणबत्त्या. निवेदन नाही.]

[दृश्य : दुसरी सकाळ. दगडावर गोठलेलं मेण.]

हे मेण सुरीनं खरवडू नका. लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या, उरलेलं कोमट पाण्यानं काढा. संगमरवरावर गरम पाणीही नको, वितळलेलं मेण आत शिरतं. पुढच्या वर्षी मेणबत्त्या दगडावर न लावता पसरट थाळीत रेती घालून तीत खोचा.

शेवाळाला पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश आणि थोडा सौम्य साबण. ॲसिड, ब्लीचिंग पावडर, तारेचा ब्रश यांना दगडाजवळ आणू नका. सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं तर दोन पानांचं असतानाच मुळासकट काढा.

वर्षातून दोनदा दगड तपासा: मेअखेर आणि पाऊस संपल्यावर. दगडासमोर उभं राहू नका, बाजूला उभे राहा. एक हात माथ्यावर ठेवून हळूच दाबा. हलला, किंवा बुडाशी सांधा उघडलेला दिसला, तर तिथेच थांबा. दोरी बांधून जागा बंद करा, समितीला कळवा. कललेल्या दगडाच्या बुडाशी सिमेंट ओतणं हा उपाय नाही. पाणी अडतं, कल तसाच राहतो. दगड उतरवून, नावाची बाजू वर करून, दोन लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवतात आणि पाया नव्यानं घेतात.

[दृश्य : पुन्हा नोंदवही. काका सांगतात, लिपिक लिहितो.]

बसवल्याची तारीख. पायाची खोली अडीच फूट. मुरूम. पिना दोन, स्टेनलेस, बारा मिलिमीटर. मिस्त्रीचं नाव. कबरीच्या क्रमांकासमोर एवढं लिहून ठेवलं की वीस वर्षांनी दगड तपासायला येणाऱ्याला खाली काय आहे ते उकरून बघावं लागत नाही.