अपील खोटं कसं बोलेल? कोर्टाच्या इंग्रजीतले भूतकाळ

[पडद्यावर: 'नो अपील लाइड अगेन्स्ट द ऑर्डर']

नमस्कार मंडळी. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, त्या आदेशावर अपील चालत नव्हतं. कागदावर उतरलं ते असं, की कोणतंच अपील खोटं बोललं नाही!

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 96 उघडा. तिथे 'ॲन अपील शॅल लाय' आहे. या 'लाय'चा भूतकाळ 'ले'. स्पेलिंग एल-ए-वाय. 'लाइड' होतं ते खोटं बोलण्याच्या 'लाय'चं.

आता खरी गोम. एल-ए-वाय हेच दुसऱ्या एका क्रियापदाचं मूळ रूपही आहे, अर्थ ठेवणे किंवा घालणे. त्याचा भूतकाळ 'लेड', एल-ए-आय-डी. म्हणून कोर्टाने तत्त्व 'लेड डाउन' केलं, पण अपील मात्र 'ले'. अडलात तर कर्म शोधा. कोर्टाने काय घालून दिलं? तत्त्व. कर्म सापडलं, 'लेड' लिहा. अपिलाच्या वाक्यात 'काय' विचारून बघा, उत्तरच येत नाही. तिथे 'ले'.

दुसरा घोळ खरेदीखतात. पक्षकार अटींनी 'बाउंड', म्हणजे बांधील. हे 'बाइंड'चं रूप. परिशिष्टात चतुःसीमा लिहिताना मात्र 'बाउंडेड ऑन द ईस्ट बाय'. हे सीमा असणे या अर्थाच्या 'बाउंड'चं. पक्षकाराला 'बाउंडेड' केलंत, तर त्याच्या पूर्वेला रस्ता आणि पश्चिमेला ओढा आला म्हणायचा.

फाशीसाठी 'हँग्ड'च. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 354(5) मध्ये 'हँग्ड बाय द नेक' असंच होतं. 'हंग' भिंतीवरच्या तसबिरीला.

गुन्हा कबूल केला, तर 'प्लीडेड गिल्टी'. 'प्लेड' स्कॉटलंड-अमेरिकेत चालतं, आपल्या अर्जात नको.

आणि 'प्रूव्हन'चा मोह टाळा. 1872 च्या पुरावा कायद्याच्या व्याख्येत तीन शब्द होते, 'प्रूव्हड', 'डिसप्रूव्हड', 'नॉट प्रूव्हड'. 2023 च्या नव्या अधिनियमातही तेच राहिले. शेवटचे दोन एक समजू नका. 'डिसप्रूव्हड'मध्ये ती गोष्ट नाहीच असं कोर्टाला पटलेलं असतं, 'नॉट प्रूव्हड'मध्ये कोर्टाला इकडचं-तिकडचं काहीच पटलेलं नसतं.

मसुदा झाला की कंट्रोल-एफ दाबून 'लाइड', 'बाउंडेड' आणि 'हंग' शोधा. स्पेलचेक इथे लाल रेघ मारणार नाही, तिन्ही शब्द खरेच आहेत.