वाड्यातल्या फडताळाचं माप

(दृश्य: जुन्या नाशिकमधली अरुंद गल्ली, सकाळचं ऊन.)

पेशवेकालीन सरकारवाड्यात शिरलं की नजर आधी लाकडी खांबांकडे जाते. फर्निचर करणारा नेमका तिथंच फसतो. नक्षीचा फोटो काढतो, सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरीवकामाच्या यंत्रावर, कोरून घेतो आणि फ्लॅटमधल्या कपाटावर डकवतो. ते बोजड दिसतं. खांब माणूस मान वर करून बघतो. कपाट हाताच्या अंतरावर असतं.

घेण्यासारखी वस्तू भिंतीत आहे. जुन्या वाड्यांतलं फडताळ: जाड भिंतीत बसवलेली चौकट आणि दोन छोटी झडपं. मालकाची परवानगी घ्या, मग टेप काढा. चौकटीची रुंदी, झडपेची रुंदी-उंची, झडपेच्या कडेच्या पट्टीच्या तुलनेत मधली फळी किती आत बसली आहे, एवढं टिपा. फोटो अगदी समोरून, शेजारी फूटपट्टी उभी धरून. तिरक्या फोटोवरून काढलेलं प्रमाण हमखास चुकतं.

कारखान्यात आल्यावर लाकडाला हात लावू नका. खाकी कागदावर झडपेचं पूर्ण मापाचं चित्र काढून जिथं कपाट उभं राहणार तिथं चिकटवा. दोन दिवस येता-जाता बघा. पट्टी 70 मिलिमीटरची हवी की 60 ची, ते कागदावरच कळतं.

(दृश्य: पटाशी, रंध्याचा भुगा, चौकटीचा कोपरा जवळून.)

आता खरी मेख. सपाट कापाची, म्हणजे ओंडका सरळ समांतर चिरून काढलेली, 300 मिलिमीटर रुंद सागाची फळी, लाकडातली ओल 5 टक्क्यांनी वाढली, की जवळपास 3 मिलिमीटर फुगते. लांबीत मात्र फरक नगण्य. म्हणून मधली फळी चौकटीला चिकटवायची नाही. 25 मिलिमीटर जाड पट्टीत 8 रुंद, 10 खोल खोबणी पाडा. कोपऱ्याचं कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, तेवढंच 8 जाड ठेवा: जाडीचा साधारण तिसरा हिस्सा. मे महिन्यात जोडणार असाल तर फळीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर मोकळे सोडा. श्रावणात जोडणार असाल तर फळी खोबणीच्या तळाला जवळजवळ टेकवा, कारण पुढं ती आकसणारच आहे. वर आणि खाली, बरोबर मधोमध, मागून एकेक बारीक खिळा मारा; मग फळी दोन्हीकडे सारखी हलते. जागा न सोडलेली झडप पावसाळ्यात चौकटीचे सांधे उचकटते.

साग तेलकट. रंधा मारल्यावर दुसऱ्या दिवशी गोंद लावला तर पकड कमी बसते. ताजा पृष्ठभाग थिनरच्या फडक्यानं पुसून लगेच जोडा; गोंद लावायचा तो फक्त कुसवाला, फळीला नाही. आणि फळीला पॉलिश जोडणीआधीच करून घ्या. नाहीतर उन्हाळ्यात ती आकसली की कडेनं बिनपॉलिशची पांढरट रेघ उघडी पडते आणि गिऱ्हाईक नेमकं तिथंच बोट ठेवतं.

चपड्याचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं, पॉलिश भर पावसात करू नये. दमट हवेत त्यावर दुधाळ झाक येते. कोरडा दिवस बघून स्पिरिटचा बोळा पुन्हा फिरवावा लागतो.